जुनी घड्याळं जमवायची? आधी डायल वाचायला शिका



अंबाडी नाक्यावरच्या एका दुकानदार दादांनी विचारलंय, "सर, वडिलांच्या एचएमटी जनतामुळे घड्याळांचा नाद लागलाय. ऑनलाइन जुनी फेवर-लुबा पाच हजारांत मिळतायत, अगदी नव्यासारखी. दिवाळीच्या मालासाठी एक लाख बाजूला आहेत. वीस घड्याळं घेऊन ठेवू का?"

दादा, उत्तर आहे: नको. धोका त्या "नव्यासारखी" शब्दातच आहे. का ते बघा.

1. जुनं म्हणजे दुर्मिळ नाही

एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली. जानेवारी 2016 मध्ये सरकारने हा घड्याळांचा उद्योग बंद करायला मंजुरी दिली. कंपनी बंद झाली म्हणून प्रत्येक 'जनता' सोन्याची होत नाही, कारण ती घरोघरी होती. भाव येतो तो कमी बनलेल्या मॉडेलला आणि हात न लावलेल्या पीसला.

2. रंगवलेली डायल ओळखा

स्वित्झर्लंडच्या फेवर-लुबाचा मुंबईतला व्यापार 1865 पासूनचा. त्यामुळे तिची जुनी घड्याळं आपल्याकडे भरपूर. त्यातली कितीतरी खोलून, डायल नव्याने रंगवून, मिळेल ते काटे लावून विकली जातात. जगभरचे संग्राहक अशा मालाला "मुंबई स्पेशल" म्हणतात, आणि ते कौतुक नाही बरं का!

घेण्याआधी भिंग घेऊन हे तपासा:

- अक्षरं जाड, पसरलेली किंवा तिरकी आहेत का?
- पन्नास वर्षांच्या घड्याळाला झगझगीत निळा-नारिंगी रंग कुठून आला?
- डायलवरचं नाव आणि आतल्या मशीनवरचं नाव जुळतंय का?
- काटे आकड्यांच्या खुणांपर्यंत नीट पोहोचतात का?

विकणारा मशीनचा फोटो द्यायला टाळाटाळ करतोय? तिथेच थांबा.

3. गोष्टीला पुरावा हवा

2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात अभिनेते पॉल न्यूमन यांची रोलेक्स डेटोना सुमारे 1 कोटी 77 लाख डॉलरला गेली. ती न्यूमन यांचीच होती हे सिद्ध करता आलं, मागे पत्नीने कोरून घेतलेला संदेशही होता. आपल्या पातळीवर हाच नियम: बिल, डबा, गॅरंटी कार्ड, जुना फोटो, काहीही फेकू नका.

4. आता हिशोब मांडू

समजा एक घड्याळ 5,000 ला घेतलं. सर्व्हिस 1,200, पट्टा आणि कुरिअर 300. पडलं 6,500 ला. जाणकाराने रंगवलेली डायल ओळखून 4,000 च दिले, तर एका पीसमागे 2,500 गेले. वीस पीसचे 50,000! आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत पैसा अडकला तो वेगळाच. दिवाळीला दुकानाची फळी रिकामी दिसली, तर नेहमीचं गिऱ्हाईक सरळ भिवंडीला जाईल.

म्हणून नियम लिहून घ्या: संग्रह नफ्यातून करायचा, भांडवलातून नाही. वर्षाला एकच घड्याळ, पण अस्सल.

कधी मोठ्या ब्रँडपर्यंत पोहोचलात तर लक्षात ठेवा: दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही. आणि 22 एप्रिल 2025 पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेता 1 टक्का टीसीएस कापतो. तो रिटर्नमध्ये दाखवायला विसरू नका.

गृहपाठ

दादा, आज वडिलांची 'जनता' काढा. चांगल्या कारागिराकडून मशीनची सर्व्हिस करून घ्या, काच तडकली असेल तर बदला. पण डायल रंगवू देऊ नका, ती पिवळी पडली असली तरी. मग वहीत पहिलं पान लिहा: कोणाचं, कधी घेतलं, कुठून, काय दुरुस्ती केली.

तुमचा संग्रह सुरू झाला, तोही दिवाळीच्या मालाला हात न लावता.

भेटू पुढच्या भागात!