दिवसभरातला रक्तदाब आणि आपले चालणे

आरतीनंतर प्रसाद घेताना ज्येष्ठ मंडळींकडून मला हमखास येणारा प्रश्न असा: "डॉक्टर, सकाळी बीपी १५२ होतं, दुपारी १२८. मशीन बिघडलंय का हो?" बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असते. बदलतो तो रक्तदाब, आणि त्याने दिवसभरात बदलायलाच हवे.

रात्री गाढ झोपेत निरोगी माणसाचा रक्तदाब दिवसाच्या सरासरीपेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड यांच्या रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती. पहाटे जाग येण्याच्या सुमारास शरीरातले कॉर्टिसोल आणि अॅड्रिनलिन वाढू लागतात, आणि उठल्यावर तासा-दोन तासांत दाब चढतो. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात सकाळच्या वेळी जास्त येतात, त्यामागे हा चढ हे एक कारण आहे. पुढे दिवसभर थोडे वरखाली होत संध्याकाळनंतर तो पुन्हा उतरणीला लागतो.

काहींचा दाब रात्री उतरतच नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार, झोपेत घोरताना मध्येच श्वास थांबणे, यांत असे बरेचदा दिसते. पुढचा धोका ओळखायला रात्रीचा आकडा दिवसाच्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगी ठरतो, पण तो दवाखान्यात कधीच सापडत नाही. म्हणूनच जीपी २४ तास दंडाला पट्टा बांधून घरी पाठवतात. इंग्लंडमध्ये २०११ पासून निदान पक्के करण्यासाठी हीच पद्धत सुचवली जाते. पट्टा रात्री फुगतो, झोपमोड होते, म्हणून पुष्कळजण तो काढून ठेवतात. कृपा करून काढू नका. अर्धी माहिती त्या रात्रीतच असते.

आता व्यायामाकडे वळू. चालताना वरचा आकडा वाढतो, हे नैसर्गिक आहे. गंमत नंतर असते. चालून थांबल्यावर स्नायूंतल्या रक्तवाहिन्या काही काळ सैल राहतात, आणि दाब नेहमीपेक्षा खाली येतो. हा परिणाम काही तास टिकतो, काहींमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंतही. म्हणून रविवारी एकदाच दोन तास चालण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा: आजचा परिणाम ओसरण्याआधी उद्याचा सुरू होतो. काही आठवडे नेम पाळला की रक्तवाहिन्या लवचिक होतात, मज्जातंतूंचा ताण कमी होतो, आणि उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ५ ते ८ ने उतरू शकतो. एका सौम्य गोळीइतके हे काम आहे. दिवसाचा दाब यात अधिक उतरतो, रात्रीचा त्या मानाने कमी. रात्रीसाठी मीठ कमी करणे आणि झोप सुधारणे याकडेही बघावे लागते. आणि नेम सोडला की मिळवलेले काही आठवड्यांत निघून जाते, हेही सांगून ठेवतो.

किती चालायचे? आठवड्याला १५० मिनिटे, जरा झपझप. झपझप म्हणजे किती, तर बरोबरच्याशी बोलता यावे, पण आरती म्हणता येऊ नये. दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खुर्चीत बसून पाय उचलावेत, पोहावे. गाभाऱ्याभोवतीच्या संथ प्रदक्षिणा मनाला चांगल्या. रक्तदाबासाठी मात्र वेग थोडा वाढवावा लागेल.

सकाळचा चढ ऐकून पहाटेचे चालणे बंद करू नका. सवयीच्या माणसाला वेळेचा फारसा धोका नसतो; धोका आहे तो सवय नसताना एकदम जोर करण्याचा. जानेवारीतल्या थंडीत अंथरुणातून उठून तडक बाहेर पडू नये. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. थोडे पाणी प्या, घरातच पाच-दहा मिनिटे हातपाय हलवा, मग निघा, नाहीतर ऊन आल्यावर जा. जड पिशव्या उचलताना श्वास रोखू नका. ज्यांचा दाब जास्त आहे त्यांनी कुंभक आणि जोरकस कपालभाती टाळावी. सूर्यनमस्कारातून सावकाश वर यावे.

उलट बाजूही आहे. व्यायाम, गोळ्या आणि एकादशीचा उपवास एकत्र आले की दाब नको इतका उतरतो, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बसा आणि जीपीला कळवा. या वयात पडून खुब्याचे हाड मोडणे ही लहान गोष्ट नाही. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. डोस कमी करायचा का, ते डॉक्टर ठरवतील. चालताना छातीत दाब वा कळ आली आणि थांबूनही गेली नाही, तर मुलाची वाट न पाहता ९९९ ला फोन करा.

"गोळी सकाळी घेऊ की रात्री?" हाही नेहमीचा प्रश्न. डंडी विद्यापीठाच्या पुढाकाराने या देशातल्या २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झटके, पक्षाघात वा मृत्यू यांत दोन्ही वेळांमध्ये फरक आढळला नाही. जी वेळ विसरत नाही, ती आपली.

घरी मोजताना चालून आल्यावर वा चहा घेतल्यावर अर्धा तास थांबा. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसा. सकाळ-संध्याकाळ, मिनिटभराच्या अंतराने दोनदा, असे सात दिवस लिहून ठेवा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ पेक्षा कमी हवी. ऐंशीच्या पुढे १४५/८५ पर्यंत चालते. यंत्र नसेल तर चाळिशीवरच्यांना इंग्लंडमधल्या बऱ्याच फार्मसींत बीपी मोफत तपासून मिळते. इंग्रजी बोलायचा संकोच वाटत असेल तर नातवंडाला बरोबर न्या आणि वही विसरू नका.