रक्तबलि आणि रक्तसाक्षी

शास्त्रपाठ : लेवीय १७:११, इब्री ९:११ ते १०:१८ व १२:२४, प्रेषितांचीं कृत्यें ७:५४–६०.



वारणानगर, कोडोली व वारणाकांठच्या इतर गांवांत जत्रेचे दिवस आले म्हणजे ज्यांनीं देवाला बोकड बोलला असेल ते नवस फेडावयास निघतात. अशा वेळीं ख्रिस्ती घरांत कोणी आजारी असलें तर भाऊबंद काळजीनें म्हणतात, "तुम्हीही एक बोकड द्या. तुमच्या शास्त्रांतही रक्त आहेच कीं!" हें बोलणें हंसण्यावारी नेऊं नये. शास्त्रांत रक्त आहे. परंतु तें कोणी, कोणासाठीं व किती वेळां दिलें, हें समजल्यावांचून आपणांस उत्तर देतां यावयाचें नाहीं.

१. पशूचें रक्त. — लेवीयाच्या पुस्तकांत सांगितलें आहे कीं प्राण्याचा जीव रक्तांत असतो, आणि प्रायश्चित्तासाठीं तें रक्त देवानेंच वेदीवर नेमून दिलें आहे. येथें देणारा कोण, हें पाहा. नवसांत मनुष्य देवाला देतो व मोबदला मागतो. वेदीवर देव पाप्याला परत येण्याची वाट देतो. तरीही ती वाट पुरी नव्हती. प्रायश्चित्ताच्या दिवशीं दरवर्षीं दोन बकरे आणीत. एक वधीत, दुसरा रानांत सोडून देत, आणि पुढच्या वर्षीं पुनः तेंच. सावकाराचें व्याज दर सुगीला भरावें आणि मुद्दल तसेंच राहावें, तशी ही गोष्ट होती. इ. स. ७० मध्यें रोमी सैन्यानें यरुशलेमेचें मंदिर पाडलें, तेव्हां तेथील यज्ञही बंद पडले.

२. ख्रिस्ताचें रक्त. — इब्री पत्राचा सारा भर 'एकदांच' या शब्दावर आहे. येथें याजक आणि बलि एकच. मुक्या जनावरास दावें लावून ओढीत आणलेलें नाहीं. पुत्रानें आपण होऊन आपला प्राण दिला. मुद्दल फिटलें, खत फाटलें. मग आजारी लेकरासाठीं बोकड देणें म्हणजे फिटलेलें कर्ज पुनः फेडावयास जाणें होय. देव हा लेकरूं तारण ठेवून घेणारा सावकार नव्हे. लेकराला दवाखान्यांत न्यावें, मंडळीनें त्याच्यासाठीं प्रार्थना करावी. आणि तें न वांचलें तरी 'बोकड दिला नाहीं म्हणून गेलें' असें कोणी त्याच्या आईच्या मनांत भरवूं नये. हें ओझें तिच्यावर घालणें मोठें पाप आहे. नवस करणाऱ्या शेजाऱ्याची निंदाही करूं नये. त्याच्या बोकडामागें बहुधा आपल्यासारखेंच दुःख असतें.

३. रक्तसाक्षी. — विश्वासासाठीं मरणाऱ्यास लोक हुतात्मा म्हणतात. हुत म्हणजे अग्नींत आहुति म्हणून टाकलेलें. नव्या करारांतील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र साक्षी असा आहे, आणि आपल्या मंडळ्यांत रक्तसाक्षी हा शब्द चालतो. हा भेद लहान नाहीं. रक्तसाक्ष्याचें मरण हा दुसरा प्रायश्चित्तबलि नव्हे. फिटलेल्या कर्जाची तें साक्ष देतें. स्तेफनावर धोंडे पडत असतां त्यानें मारणाऱ्यांसाठीं क्षमा मागितली, यांतच त्याची साक्ष पुरी झाली.

अशीं मरणें आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही ठाऊक आहेत. वसईचा गोन्सालो गार्सिया याचा बाप पोर्तुगीज व आई भारतीय होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांतील नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यास वधस्तंभावर चढवून भाल्यांनीं मारिलें. १८६२ सालीं रोमन मंडळीनें त्यास संत ठरविलें. आम्ही प्रॉटेस्टंट लोक संतांकडे प्रार्थना करीत नाहीं. तरी त्यानें स्वतःचें रक्त दिलें, हें आदरानें सांगतों.

दुसरी गोष्ट दक्षिण गोव्यांतील कुंकळ्ळी गांवची. ती अवघड आहे, म्हणूनच सांगितली पाहिजे. त्या मुलखांत पोर्तुगीज सैन्यानें देवळें पाडलीं होतीं, आणि अशा मोहिमांबरोबर पाद्रीही गेले होते. जुलै १५८३ मध्यें रुदोल्फ आक्वाविवा व आणखी चौघे जेजुइट चर्चसाठीं जागा पाहावयास तेथें गेले. संतापलेल्या गांवकऱ्यांनीं त्यांस व त्यांच्याबरोबरच्या कांहीं ख्रिस्ती जनांस ठार केलें. १८९३ सालीं रोमन मंडळीनें त्या पांचांस धन्य म्हणून जाहीर केलें. परंतु त्या मरणानंतर काय झालें? सरकारनें गांवच्या पुढाऱ्यांस बोलणीं करावयाचीं म्हणून असोळणा येथील किल्ल्यांत बोलाविलें आणि चौकशीवांचून मारून टाकिलें. पाद्र्यांनीं मरण धैर्यानें सोसलें असेल. पण त्यांच्या रक्ताची किंमत म्हणून ज्यांनीं दुसऱ्यांचें रक्त घेतलें, त्यांनींच ती साक्ष पुसून टाकिली.

हाबेलाचें रक्त भूमींतून ओरडत होतें. येशूचें रक्त त्याहून चांगलें बोलतें, असें इब्री पत्र सांगतें. तेव्हां ख्रिस्ती मनुष्याचें रक्त कोठेंही सांडलें गेलें तरी त्याच्या नांवानें हात उचलणें किंवा मुलांस शेजाऱ्याचा द्वेष शिकविणें, हा रक्तसाक्ष्याचा मान नव्हे.

आपल्यांतील बहुतेकांवर तशा मरणाची वेळ येणार नाहीं. आपली साक्ष लहान असेल : जत्रेच्या दिवशीं भाऊबंदांचा रोष सोसणें, आणि त्यांच्याच घरीं दुखणें आलें तर सर्वांआधीं धांवून जाणें.

उपदेशकांनीं मंडळींत विचारावयाचे प्रश्न :

१. नवसाचा बोकड आणि लेवीयांतील बलि यांत देणारा कोण, घेणारा कोण?

२. रक्तसाक्ष्याच्या मरणानें पापाची क्षमा कां मिळत नाहीं?

३. आपल्या गांवांत कोणाचा अपराध आपण अजून मनांत धरून ठेविला आहे?