रक्त फुकट, मग पिशवीचे पैसे कशाचे?

सिव्हिल हॉस्पिटल असो की दमाणी, हेडगेवारसारखी रक्तपेढी, सोलापुरात पिशवी आणायला धावलेला नातेवाईक हाच प्रश्न विचारतो. रक्त विकता येत नाही. पैसे घेऊन रक्त देण्यावर १९९८पासून देशभर बंदी आहे. पावतीवर असतो तो प्रक्रियेचा खर्च: पिशवी, गटतपासणी, एचआयव्ही, कावीळ बी व सी, गुप्तरोग, मलेरियाच्या चाचण्या आणि साठवण. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०२२मध्ये सुधारलेल्या दरांनुसार लाल पेशींची पिशवी सरकारी रक्तपेढीत ११०० रुपये, इतरत्र १५५०. प्लाझ्मा किंवा साध्या प्लेटलेट्स ३०० आणि ४००. सरकारी रुग्णालयात दाखल रुग्णाला रक्त मोफत मिळते. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेलच्या रुग्णांनाही मोफतच. जादा चाचणी केली असेल, तर ती पावतीवर वेगळी दाखवायला सांगा.

दात्याला मात्र कशाचाही खर्च नाही. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, एवढे जमले की ३५० मिलीलिटर रक्त देता येते. पुरुषांनी तीन महिन्यांनी, स्त्रियांनी चार महिन्यांनी पुन्हा द्यावे. लाल पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात. म्हणून शिवजयंतीला मांडव भरून घेतलेले रक्त मेच्या उन्हात, कॉलेजे बंद असताना, हाती उरत नाही. मंडळांनी एक शिबिर मे महिन्यात ठेवावे, ही माझी कळकळीची विनंती.

पावसाळ्यानंतर डेंग्यू वाढला की मागणी येते ती प्लेटलेट्सची. त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. एकाच दात्याकडून त्या घेतात त्याला एसडीपी म्हणतात. यंत्र हातातून रक्त घेते, प्लेटलेट्स बाजूला ठेवते, उरलेले परत सोडते. तास-दीड तास लागतो. मध्येच ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा, कॅल्शियमची गोळी देतात. आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी. अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा देता येतात, पण वर्षात २४ वेळांपेक्षा जास्त नाही.

रुग्णाला मात्र ही एक पिशवी अकरा हजारांच्या घरात पडते. तिच्याइतक्या प्लेटलेट्स साध्या पाच-सहा पिशव्यांत मिळतात आणि खासगी दराने त्यांचे होतात फार तर २४०० रुपये. काही रुग्णांना एसडीपीच लागते, हे खरे. पण नुसता आकडा घसरला म्हणून डेंग्यूत प्रत्येकाला प्लेटलेट्स लागत नाहीत. तेव्हा चिठ्ठी घेऊन पळण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: रक्तस्राव होतोय का, आणि साध्या पिशव्या चालतील का?