संगणकाला किती हुशार ठेवावे?



घरी आपण ज्याला बुद्धिबळ म्हणतो आणि गल्लीतले सोबती ज्याला शतरंज म्हणतात, तो खेळ आता पुष्कळ मुले संगणकावर किंवा मोबाइलवर खेळतात. डाव मांडण्यापूर्वी यंत्र विचारते, "पातळी कोणती?" काही मुले सर्वांत खालची पातळी घेऊन रोज जिंकतात, तर काही सर्वांत वरची घेऊन चार दिवसांत खेळच सोडून देतात. दोन्हीकडे शिकणे थांबते. म्हणून पातळी म्हणजे नेमके काय, ते या पाठात समजून घेऊ.

यंत्र विचार कसा करते?

पहिल्या चालीसाठी पांढऱ्याकडे २० पर्याय असतात, उत्तरासाठी काळ्याकडेही २०. म्हणजे दोन चालींत ४०० शक्यता झाल्या. तिसऱ्या चालीला त्या ८,९०२ होतात आणि चौथ्या चालीला १,९७,२८१. यंत्र अशा शक्यता तपासते आणि प्रत्येक स्थितीला गुण देते. प्याद्याचा १, घोडा व उंट यांचे ३, हत्तीचे ५, वजिराचे ९ हा त्यातला ढोबळ हिशेब. या पद्धतीचा पाया क्लॉड शॅनन यांच्या १९५० सालच्या लेखात आहे. १९९७ साली न्यूयॉर्क येथे 'डीप ब्लू' या संगणकाने विश्वविजेते गॅरी कास्पारोव यांना साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविले. तो संगणक सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. आज मोबाइलवरचा चांगला प्रोग्रॅमही विश्वविजेत्यापेक्षा बलवान असतो. यंत्राला बलवान करण्याचा प्रश्न सुटला आहे. त्याला योग्य तेवढे कमकुवत करणे, हे मात्र कठीण काम आहे.

कमकुवत करण्याचे चार मार्ग

पहिला मार्ग म्हणजे यंत्राला थोड्याच चाली पुढचे पाहू देणे. असे यंत्र दोन चालींतला सापळा कधीच चुकवत नाही, पण पाचव्या चालीला येणारे संकट त्याला दिसत नाही.

दुसरा मार्ग विचाराचा वेळ कमी करण्याचा. यात अडचण अशी की वेगवान संगणक तेवढ्याच वेळात जास्त चाली पाहतो. त्यामुळे एकच पातळी एका घरी सोपी, तर दुसऱ्या घरी कठीण ठरते.

तिसरा मार्ग मुद्दाम चुका करविण्याचा. 'स्टॉकफिश' या मोफत प्रोग्रॅममध्ये ० ते २० अशा पातळ्या आहेत. खालच्या पातळीवर तो काही चांगल्या चाली शोधतो आणि कधी कधी त्यांतली कमी प्रतीची चाल निवडतो. हे प्रमाण बिघडले, तर यंत्र दहा चाली पंडितासारख्या खेळून अकराव्या चालीला वजीर फुकट देते. अशा विजयाचा आनंद मुलाला होत नाही, कारण आपल्याला जिंकू दिले हे त्याला कळते.

चौथा मार्ग २०२० सालच्या 'माया' या प्रोग्रॅमचा. तो माणसांनी खेळलेल्या लाखो डावांवरून शिकला. ११०० ते १९०० अशा नऊ मानांकनांच्या खेळाडूंसाठी त्याच्या नऊ आवृत्त्या केल्या. माणूस ज्या जागी चुकतो, त्याच जागी तोही चुकण्याचा संभव असतो. म्हणून त्याच्याशी खेळताना समोर माणूस असल्यासारखे वाटते.

जोड बरोबरीची आहे का?

यासाठी मानांकन उपयोगी पडते. ही पद्धत प्राध्यापक अर्पाद एलो यांची असून जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती १९७० साली स्वीकारली. विजयाला १ गुण आणि बरोबरीला अर्धा धरला, तर १० डावांत कमी मानांकनाच्या खेळाडूला अपेक्षित गुण असे: फरक शून्य असेल तर ५, फरक १०० असेल तर सुमारे ३.६, फरक २०० असेल तर २.४ आणि फरक ४०० असेल तर जेमतेम ०.९.

घरी एक वही ठेवा व एकाच पातळीवर १० डाव खेळा. सात किंवा अधिक गुण झाले तर एक पातळी वर जा. तीनपेक्षा कमी झाले तर एक पातळी खाली या. मधे असाल तर तिथेच थांबा. एका पराभवावरून पातळी बदलू नये, कारण एक डाव कोणाचाही बिघडू शकतो.

पालकांना विनंती

मुलगा हरून रडतो म्हणून त्याच्या नकळत पातळी उतरवू नका. उतरवायची असेल तर त्याला सांगून उतरवा. याहून चांगला उपाय जुना आहे: यंत्राचा एक घोडा किंवा वजीर सुरुवातीलाच पटावरून काढून ठेवावा. मग यंत्र पूर्ण ताकदीने खेळते, सवलत सर्वांना दिसते, आणि विजय मिळाला तर तो खरा असतो. "किती वेळा जिंकलास?" याऐवजी "कोणत्या चालीला डाव फिरला?" असे विचारून पाहा.

शिक्षक प्रश्नपत्रिका काढतानाही हाच तोल सांभाळतो. सगळे सोपे दिले तर अभ्यासाची गरज उरत नाही, आणि सगळे कठीण दिले तर मूल पेन खाली ठेवते. मुलाला प्रयत्नाने जेवढे जमेल, त्याच्या एक पायरी वर प्रश्न असावा.

स्वाध्याय

१. मानांकनात २०० चा फरक असेल, तर २० डावांत कमी मानांकनाच्या खेळाडूला किती गुण अपेक्षित आहेत?
२. तुमच्या १० डावांची नोंद करा आणि हरलेल्या प्रत्येक डावातली निर्णायक चाल लिहा.
३. विचाराचा वेळ कमी करून ठरविलेली पातळी सर्व संगणकांवर सारखी का राहत नाही? कारण द्या.