मामाच्या गावचा जलाशय, पुन्हा एकदा

प्रश्न : लहानपणी मे महिन्यात मामाकडे भंडारदऱ्याला जायचो. यंदा मुलांना नेतोय. पाणी काठोकाठ दिसेल का? मुलांना पोहू द्यावं का?

उत्तर : मे महिन्यात काठोकाठ पाणी दिसणं अवघड. भंडारदऱ्याचं, प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, ते मुख्यतः खालच्या शेतीसाठी. पाण्याची उन्हाळी आवर्तनं सुटली की धरणामागचा आर्थर जलाशय आत सरकतो आणि एरवी बुडालेला गाळाचा काठ उघडा पडतो. बालपणीचं पाणी कुणी पळवलेलं नाही; पावसाळ्यानंतर गेलं तर ते पुन्हा भरलेलं भेटतं.

पोहू मात्र देऊ नये. वरून सुकलेला गाळ पायाखाली खचतो, आणि उतार कुठे एकदम खोल जाईल याचा अंदाज येत नाही.

त्यापेक्षा रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आणि तिथली पुष्करणी मुलांना निवांत दाखवावी. मेअखेरीस जाणं झालं तर काजवे चुकवू नयेत. त्यांचं लुकलुकणं ही जोडीदाराला घातलेली साद असते. मोबाइलच्या किंवा गाडीच्या उजेडात ती हरवते. म्हणून दिवे बंद ठेवावेत, झाडं हलवू नयेत आणि काजवे बाटलीत भरू नयेत, मामाने पूर्वी भरू दिले असले तरीही.