आधी कोणती नळी बदलावी?

पवईच्या तलावाचे पाणी मुंबईकर पीत नाहीत. पण तानसाचे, १८९२ पासून शहराला मिळणारे पाणी पवईवरूनच पुढे जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने पवई ते मरोशी ही २४०० मिलिमीटर व्यासाची नवी जलवाहिनी जोडली. त्यासाठी ५ तारखेच्या सकाळपासून ३० तास भांडुप, कुर्ला, अंधेरी पूर्व, वांद्रे पूर्व आणि धारावी या भागांत कोठे पाणी बंद, कोठे कमी राहिले. तारीख आधी जाहीर होती, म्हणून कारखानदाराला टाकी भरून घेता आली. नळी अचानक फुटते तेव्हा अशी सवलत मिळत नाही.

मग बदलायची कोणती? आपल्या धंद्यात जुना तागा आधी काढतात. नळीला हा कायदा लागत नाही. बिडाची नळी चांगल्या जमिनीत शंभर वर्षे चालते, तर खाऱ्या, ओल्या मातीत पोलादी नळी लवकर गंजते. म्हणून वयापेक्षा एका किलोमीटरमध्ये वर्षाला किती वेळा फुटली, याची वही ठेवावी लागते. एकदा फुटलेला भाग पुन्हा फुटण्याचा संभव जास्त. त्या आकड्याला नुकसानीच्या आकड्याने गुणावे. गल्लीची नळी चारदा फुटली तरी चाळीस घरे अडतील. मुख्य वाहिनी एकदा फुटली तरी अर्धे उपनगर.

आता पर्यायी वाटेचा हिशेब. एक वाहिनी बंद पडण्याचा संभव शंभरात पाच धरा. तशाच दोन स्वतंत्र वाहिन्या असल्या, तर दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याचा संभव चारशेत एक. मात्र दोन्ही एकाच चरात असतील तर हा हिशेब फसतो. एकीच्या पाण्याने दुसरीखालची माती वाहून जाते.

प्रत्येक वेळी नवी नळी टाकावी लागत नाही. आतून सिमेंटचा थर दिला की गंज थांबतो. पण पातळ झालेल्या भिंतीला त्याने बळ येत नाही. तेथे थर देणे म्हणजे विरलेल्या कापडाला खळ चढवणे.

मुंबईत पाणी ठरावीक तासच येते. नळी रिकामी झाली की गळतीच्या भोकातून बाहेरची घाण आत शिरते. रंगारी व धुलाईवाल्याला त्याहून आधी गंज नडतो. पांढऱ्या मालावरचा लोखंडी डाग सहज जात नाही.

मीटरच्या आतली नळी आपली. तिच्या प्रत्येक दुरुस्तीची तारीख व जागा लिहून ठेवावी. एकाच तुकड्यावर तिसऱ्यांदा प्लंबर आला, तर जोड न मारता तो तुकडाच बदलून घ्यावा, आणि तोही सराईची गर्दी सुरू होण्याआधी.