अमली पदार्थांचा आरोप आणि बचावाचा हक्क

पाचवे शील आम्ही दर रविवारी विहारात ग्रहण करतो. त्याबाबत आमच्या मनात किंतु नाही. परंतु वस्तीतील एखादा विद्यार्थी गांजाच्या पुडीसह पकडला गेला की आम्ही त्याच्या घराकडे पाठ फिरवतो, हे मात्र कोणत्याही शीलात सांगितलेले नाही. आरोप म्हणजे अपराध नव्हे. बॅरिस्टर असलेल्या बाबासाहेबांच्या अनुयायांना हे सांगावे लागू नये, तरी सांगणे भाग आहे.

१४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू असलेला एनडीपीएस कायदा फार कडक आहे. २००१ च्या दुरुस्तीपासून शिक्षा वजनावर ठरते. अल्प प्रमाणात, म्हणजे एक किलोहून कमी गांजा असल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोंच्या वर दहा ते वीस वर्षे. एमडी पावडरला मात्र पन्नास ग्रॅमच्या वरच ही शिक्षा लागते, आणि तेव्हा कलम ३७ मुळे जामीनही अतिशय कठीण होतो. विद्यार्थी मित्रांनो, "जरा धर" म्हणून कोणी दिलेली पिशवी घेण्यापूर्वी हे आठवा. माल ताब्यात सापडल्याचे सिद्ध झाले, की आपल्याला ठाऊक नव्हते हे आरोपीलाच सिद्ध करावे लागते.

अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क कलम ५० देते. हा हक्क पोलिसांनी स्वतः सांगितलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये बजावले. पिशवीच्या झडतीला मात्र हे कलम लागू नाही. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये. कोऱ्या कागदावर तर मुळीच नको. तपास अधिकाऱ्यापुढील जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाही, असा निकाल २०२० मध्ये लागला आहे. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांपुढे हजर करणे व वकिलाचा सल्ला घेऊ देणे हे घटनेच्या कलम २२ ने बंधनकारक आहे.

मुंबईचे २०२१ चे क्रूझ प्रकरण सर्वांना आठवत असेल. ज्या तरुणाजवळ काहीच सापडले नव्हते तो जवळजवळ चार आठवडे कोठडीत होता. पुढे मे २०२२ मध्ये आरोपपत्रातून त्याचे नाव वगळले गेले. त्याच्यापाशी नामांकित वकील होते. आमच्या मुलांपाशी कोण?

तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ आहे. अनुसूचित जातींना, स्त्रियांना आणि कोठडीतील कोणत्याही व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, पण कोठडीतील माणसाला जातीच्या दाखल्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नागपुरात जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा, किंवा १५१०० वर फोन करावा. दागिने मोडून दलालामागे धावणाऱ्या आईला हे आधी कळले पाहिजे.

मुलगा खरोखरच व्यसनी असेल तर वकिलाला कलम ६४-क विचारावे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात व्यसनी आरोपीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते.